एकादशीचा साक्षीदार

१

"भवानीचं अनुदान मला मंजूर करता येणार नाही," चिटणीस शरदचंद्र म्हणाले. "तिनं प्रशिक्षणाला दांडी मारली आणि पाचही दिवस हजर होते असं आम्हाला सांगितलं."

चेन्नईतल्या अड्यारच्या आमच्या मराठी वाचनालयाची शनिवारची बैठक चालली होती. समितीची टाळकी पाच, पंखे दोन, त्यातला एक बंद. भवानी पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी होती. ती आमची साहाय्यक ग्रंथपाल, तंजावरकडची, तिशीतली. तिनं मान वर केली नाही.

या अनुदानाची रीत सांगते. एक न्यास दरवर्षी आमच्या एका कर्मचाऱ्याला बाहेर शिकायला पाठवतो. आधी पदरचे पैसे भरायचे, शिकून यायचं, मग चिटणिसानं प्रमाणपत्रावर सही केली की भरपाई मिळते. एक दिवस जरी बुडवला, तरी सगळं मुसळ केरात. यंदा भवानी जुने कागद दुरुस्त करायला शिकली. चार दिवस अण्णा नगरला वर्ग होता. मधला एक दिवस ज्यानं त्यानं आपापलं शहराबाहेर लांब गुम्मिडिपूंडीला जाऊन हातकागदाचा कारखाना पाहायचा होता. तिथं हजेरी घेणारं कोणी नव्हतं.

"त्याच दिवशी भर दुपारी ती इथं अड्यारमध्ये होती," शरदराव म्हणाले. "आपल्या एका सभासदानं डोळ्यांनी पाहिलंय. बागेतल्या बाकावर डबा खात बसली होती. एकादशी होती, साबुदाण्याची खिचडी होती. स्टीलचा डबा, निळं झाकण. इतकं बारकाईनं कोण खोटं सांगेल?"

"सभासद कोण?" मी विचारलं.

"नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय मी."

"वा! म्हणजे फाशी द्यायची आणि साक्षीदार पडद्याआड! शरदराव, हे वाचनालय आहे का मोगलाई?"

माझं तोंड असं आहे. त्या तोंडाची शिक्षा म्हणून समितीनं चौकशी माझ्याच गळ्यात मारली. पुढच्या शनिवारी निकाल द्यायचा होता.

जिन्यात भवानीनं मला गाठलं. तिची मराठी जुनी, आपल्याकडच्या पोथीतून उठून आल्यासारखी. "अक्का, निकालानंतरच्या सोमवारीं बेंगळूरास प्रमाणपत्र पाठविणें आहे. तेथें मला नोकरी मिळाली आहे. सरांची सही नाहीं तर नोकरी नाहीं."

"तू गेली होतीस ना कारखान्यात? खरं सांग."

"गेलें होतें की! पण साक्ष कोण देणार, अक्का? मी एकटीच होतें."

२

आता ही चौकशी करणारी बाई कोण टिकोजीराव, असं तुम्ही म्हणाल. मी विद्युलता, मूळची साताऱ्याची. टेलिफोन खात्यात विभागीय चौकशा करण्यात माझी हयात गेली. भल्याभल्यांना मी घाम फोडलाय. नवरा इथल्या संरक्षण कारखान्यात होता. तो गेला, आणि मी इथंच राहिले, कारण साताऱ्यात तरी माझी वाट कोण बघतंय?

अण्णा नगरच्या माझ्या घरात मराठी फक्त मी बोलते. कुकरशी बोलते, दुधाशी बोलते, उतू गेलं तर चांगली खरडपट्टी काढते. भाजीपुरती तमिळ मला येते. पण भाजी घेऊन झाली की बोलणं संपतं. म्हणून आठवड्यातून तीनदा बस पकडून मी अड्यार गाठते. वाचायला जाते असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे दोन मराठी शब्द कानावर पडावेत म्हणून जाते.

सोमवारी मी कारखान्यात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, बघायला पुष्कळ लोक येतात, आम्ही कोणाचे चेहरे लक्षात ठेवत नाही. झालं, एक दार बंद.

मग भवानीला समोर बसवलं. कागदाचा लगदा कसा गाळतात, चौकटी कशा हलवतात, तिनं सगळं सांगितलं. पण हे काय, कुठंही वाचून सांगता येतं. मी माझा जुना प्रश्न काढला. माणूस कामाचं खोटं बोलतो, पण जेवणाचं खोटं बोलताना हमखास अडखळतो.

"त्या दिवशी जेवलीस कुठं?"

"जेवलें नाहीं."

"फराळाचं काही?"

"कांही नाहीं."

"चहा? कॉफी? निदान लिंबू सरबत?"

"पाणीसुद्धां नाहीं, अक्का."

ऐन उन्हात गुम्मिडिपूंडीपर्यंत जाऊन यायचं, भट्टीसारख्या कारखान्यात उभं राहायचं, आणि पोटात पाण्याचा थेंब नाही? माझा विश्वास बसेना. आणि उपासाला ती खिचडी खाते हे तर मला पक्कं ठाऊक होतं. प्रशिक्षणानंतर जी एकादशी आली, तेव्हा मीच तिला खिचडी नेऊन दिली होती. त्या दिवशी वाचनालयात शुकशुकाट होता. थोरल्या ग्रंथपाल अंबुजा कुंभकोणमला लग्नाला गेलेल्या, हिशेबनीस कौशिक तापानं घरी, आणि शरदराव नेहमीसारखे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेले. भवानीनं डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "घरीं नेऊन खाईन, अक्का."

आणि आज म्हणते, काहीच खाल्लं नाही. ही मुलगी काहीतरी लपवत होती. मला मनापासून वाईट वाटलं, कारण मला ती आवडते.

३

खोटं भवानी बोलत नसेल, तर तो पडद्याआडचा सभासद बोलत होता. तिचं नुकसान झालं तर फायदा कोणाचा?

कौशिकचा होता. एका वर्षी एकच अनुदान, आणि यंदा त्यानंही अर्ज केला होता. पोरगा तंजावरी मराठी घरातला, पण वाढला चेन्नईत. मराठी बोलताना त्याला धाप लागते.

"आंटी, मला राग आला होता, ते खरं," तो म्हणाला. "मला कॉम्प्युटरचा कोर्स पाहिजे होता. शरद सरांना मी म्हटलं पण, धिस इज नॉट फेअर."

"मग तूच सरांच्या कानाला लागलास की काय?"

"ऐयो, नाही आंटी! भवानी अक्का माझ्या आईला दवाखान्यात घेऊन जाते. मी असं करेन? प्रॉमिस, नाही."

त्याचे डोळे भरून आले. डोळे भरून येणारे खोटारडेही मी पाहिलेत, म्हणून त्याचं नाव मी खोडलं नाही.

अंबुजाबाई सरळ तोंडावर आल्या. त्याही तंजावरकडच्याच. पांढऱ्या केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि जिभेवर मिरची.

"होय, मला जळलें. तीस वर्षें या धुळींत काढलीं, मला कोणी एक दिवस शिकावयास पाठविलें नाहीं. आतां म्हणतात, निवृत्ति जवळ आली, अनुदान कशास? हे लोक मला जुनें कपाट समजतात."

"मग भवानीवर सूड?"

"सूड घेणें असतें तर त्या सरांवर घेतलें असतें! नियम त्यांनींच दाखविला मला." त्यांनी गजरा सारखा केला. "भवानी जिद्दी आहे, कमी बोलते, पण खोटें बोलत नाहीं. तुम्ही तिच्या घरीं जाऊन बघा, बाई. माणूस वाचनालयांत निराळें दिसतें."

"घरी काय दिसणार मला?"

"जाऊन तर बघा! बुधवारीं जा," एवढंच म्हणून त्या उठल्या. बुधवारीच का, ते काही सांगेनात.

४

बुधवारी पुन्हा एकादशी होती. मी सकाळी खिचडी खाल्ली, पोटाला आधार झाला, आणि दुपारी भवानीचं घर शोधून काढलं. विल्लिवाक्कमच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. एक खाट, एक देव्हारा, एक खुर्ची. ती खुर्ची तिनं मला दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. घरात दुसरी खुर्ची लागतच नसणार. मला माझं घर आठवलं.

तिनं माझ्यासाठी कॉफी केली. फेसाळ, कडक, अगदी झकास. स्वतःसाठी केली नाही.

"तू घे ना."

"मला नको, अक्का."

ओटा लख्ख कोरडा होता. दुपारचे भांड्यांचे ढीग नाहीत, फोडणीचा वास नाही. मी आपली सहज म्हणाले, "खिचडी नाही केलीस?"

"खिचडी?" ती दचकली. "अक्का, आज एकादशी!"

"अगं, म्हणूनच विचारतेय!"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दोघींनाही वाटलं, समोरच्या बाईला उन्हाचा झटका आलाय.

"एकादशीस आमच्यांत कांहीं खाइनात," ती हळूच म्हणाली. "सकाळीं तुळशीचें तीर्थ, बस्स. दुसऱ्या दिवशीं पहाटे पारणें. आमच्या घरीं कोणीच खाइनात. अंबुजाबाईही खाइनात, कौशिकची आईही खाइना. सभेंत सरांस उलट बोलावयास मला धीर झाला नाहीं."

"मग साबुदाणा?"

"जव्वरिशी? ती पायसास! वडियांस! उपवासास ती कशी चालेल?"

"आणि मी दिलेली खिचडी?"

तिनं मान खाली घातली. "दुसऱ्या दिवशीं पारण्यास खाल्ली. तुम्हीं एवढ्या प्रेमानें आणलीत. नाहीं कसें म्हणूं? या गांवांत माझ्यासाठीं डबा आणणारें कोण आहे, अक्का?"

म्हणजे पाणीसुद्धा प्यायले नाही असं ती म्हणाली, ते अक्षर न् अक्षर खरं होतं. इतकी वर्षं या गावात राहून शेजारचं माणूस एकादशीला काय खातं, हे मला ठाऊक नव्हतं. शाबास माझी!

मी निघाले तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "तुमचा डबा अजून माझ्यापाशींच आहे. रिकामा परत कसा देऊं? कांहीं करून घालीन म्हणतां म्हणतां हा घोळ झाला." तिनं फळीवरून डबा काढून दाखवला.

स्टीलचा. निळ्या झाकणाचा.

मी मटकन पुन्हा खुर्चीत बसले. निळ्या झाकणाचे डबे चेन्नईत पैशाला पासरी मिळतात, म्हणून बैठकीत तो शब्द ऐकून माझ्या डोक्यात काही वाजलंच नव्हतं.

"भवानी, तुझा स्वतःचा डबा कसा आहे?"

"पितळेचा. आईचा."

"आणि बेंगळूरच्या नोकरीचं तू कोणाकोणाला सांगितलंस?"

"दुसऱ्या कोणास सांगणार? पत्र आलें त्या दिवशीं सरांस पहिल्यानें सांगितलें. ते फार खूष झाले."

५

परतीच्या बसमध्ये मला कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. हा निकाल मी दिला की भवानी जाणार. मग त्या वाचनालयात जाऊन मी कोणाशी बोलू? खरं सांगते, एक क्षण वाटलं, गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? पोरगी इथंच राहील, एकादशीला डबा घेईल, कपाळाला लावेल. त्या विचाराची मला लाज वाटली. आणि त्या लाजेमुळेच मला शेवटची गोष्ट कळली. हे सगळं का केलं गेलं, ते कळलं.

गुरुवारी संध्याकाळी वाचनालय रिकामं होतं. शरदराव एकटेच वर्तमानपत्र उघडून बसले होते. मूळचे कऱ्हाडचे, बँकेतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली.

"तुमच्या साक्षीदारानं जो डबा पाहिला ना, तो माझा आहे."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही, पण ते वाचत नव्हते.

"भवानीच्या हातात तो पहिल्यांदा आला प्रशिक्षणानंतरच्या एकादशीला. त्याआधी तो माझ्या फडताळात होता. म्हणजे प्रशिक्षणाच्या दिवशी बागेत तो कोणी पाहूच शकत नाही. तो पाहिला तिघांनी. मी, भवानी, आणि त्या दिवशी या खुर्चीत बसलेले तुम्ही. अंबुजा नव्हत्या, कौशिक नव्हता."

"एखाद्या सभासदानं दुसरा तसलाच डबा..."

"थांबा, माझं झालेलं नाही. खिचडी! शरदराव, एकादशी म्हटली की खिचडी कोणाला आठवते? तुम्हाला आणि मला. या लोकांच्यात त्या दिवशी अन्नाला शिवत नाहीत. कौशिकनं किंवा अंबुजाबाईंनी कंडी पिकवली असती, तर त्यांनी भवानीला सिनेमाला बसवलं असतं, साडीच्या दुकानात उभं केलं असतं. एकादशीला खाताना दाखवलं नसतं, कारण ते त्यांच्या डोक्यातच आलं नसतं. हे खोटं आपल्याकडच्या माणसाचं आहे. खोटं रचताना माणूस नजरेसमोर असेल ते उचलतो. तुमच्या नजरेसमोर माझा डबा होता."

आता वर्तमानपत्र खाली आलं. शरदरावांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"सभासद कोणीच नव्हता," ते म्हणाले.

"ते कळलं. मुलीची नोकरी घालवायला निघालात! काय वाकडं केलं होतं तिनं तुमचं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रोज सकाळी मी येतो," ते म्हणाले, "तेव्हा ती दारातच विचारते, 'सर, न्याहारी झाली?' दिवसभरात मला कोणी विचारलेला तो एकच प्रश्न असतो, विद्युलताबाई. रविवारी वाचनालय बंद असतं. रविवारी मला कोणीच काही विचारत नाही. तिनं बेंगळूरचं सांगितलं तेव्हा मी पेढे मागवले. घरी गेलो आणि वाटलं, आता सगळे वार रविवारच होणार. सोमवार टळला तर ती राहील, एवढंच डोक्यात होतं. पुढं भरपाई मी माझ्या खिशातून देणार होतो."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि कशाचा आला ते ऐका. "अहो, मी काय मेले होते?" मी ओरडले. "वर्षानुवर्षं या टेबलाच्या या बाजूला बसतेय मी! दोन माणसं, एक भाषा, मध्ये हातभर लाकूड! विचारलंत कधी मला काही?"

"तुम्हीही मासिकात तोंड खुपसून असता," ते हळूच म्हणाले. "आणि चिडता."

माझीच उलटतपासणी झाली. चौकशी खात्यात असं माझं कधी झालं नव्हतं.

"शनिवारी मी बोलणार नाही," मी उठता उठता म्हटलं. "तुम्ही बोलायचंत. भवानीच्या समोर. नाही बोललात, तर मी बोलेन, आणि माझं तोंड तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

६

शनिवारी ते आलेच नाहीत. बैठकीची वेळ झाली, चहा निवला, अंबुजाबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी बोलायला तोंड उघडणार, तोच जिन्यावर पावलं वाजली.

शरदराव आले आणि उभ्यानंच बोलले. "सभासद कोणी नव्हता. मी खोटं बोललो. भवानी गुम्मिडिपूंडीला गेली होती, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. ती जाऊ नये म्हणून मी हे केलं." मग त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, अनुदान मंजूर केलं आणि चिटणीसपद सोडल्याचं सांगितलं. कौशिक तोंडाचा आ करून बसला होता. अंबुजाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "शिव शिव!"

भवानीनं प्रमाणपत्र उचललं. मला वाटलं, तशीच निघून जाईल. गेली असती तर तिचं काय चुकलं असतं? पण ती त्यांच्यापाशी थांबली.

"मला विचारावयाचें, सर," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण रागानं. "मी दररोज फोन केला असता. आतां कसा करूं?"

शरदरावांनी मान खाली घातली, ती बैठक संपेपर्यंत वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात ती बेंगळूरला गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी घरी आली, माझ्या पाया पडली आणि पिशवीतून निळ्या झाकणाचा डबा काढला. चांगलाच जड होता. उघडला, तर आत जव्वरिशीचं पायसम, आपली साबुदाण्याची खीर, वर काजू, वेलदोड्याचा घमघमाट.

"अगं, एवढं? मी एकटी बाई, कशी संपवणार?"

"दोघांस पुरेल एवढें केलें, अक्का."

"दोघं कोण?"

चपला घालून ती दारात उभी राहिली आणि जिन्याकडे बघत म्हणाली, "सकाळीं दारांत त्यांस कोणी विचारीत नाहीं आतां. तुम्हीं विचारा." आणि ती गेली. जिन्यावरची तिची पावलं ऐकू येईनाशी झाली, तरी मी दार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात लवकर जाऊन बसले. शरदराव आता चिटणीस नव्हते, येतील की नाही कोण जाणे. आले. मला दारात बघून गांगरले.

"न्याहारी झाली?" मी विचारलं. माझा आवाज चौकशीत असतो तसा निघाला. दुसरा मला येत नाही.

"नाही," ते म्हणाले.

मी डबा मध्ये ठेवला आणि कोणी पाठवलाय ते सांगितलं. त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांना पुढचा घालता येईना. मी मासिक तोंडासमोर धरलं. मग म्हटलं, पुरे झालं हे, आणि मासिक खाली ठेवलं.

डबा ते घरी घेऊन गेले. रिकामा परत कसा देऊ, म्हणाले. पुढच्या एकादशीला तो आला, निळं झाकण नीट पुसलेलं, आत खिचडी. माणसानं जन्मात कधी साबुदाणा भिजवला नसावा. पार गोळा झाला होता, शेंगदाणे करपलेले, मीठ दोनदा पडलेलं. मी तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, कऱ्हाडला अशीच करतात. मी म्हटलं, कऱ्हाडची बदनामी करू नका. यावर आमचं चांगलं तासभर जुंपलं, आणि बोलता बोलता मी तो गोळा सगळा संपवला.